नाक मोकळं झालं, तरी तोंड उघडंच: एका सात वर्षांच्या मुलाच्या झोपेचं प्रकरण

आईनं मोबाइल माझ्यासमोर धरला. रात्री अडीचला काढलेला व्हिडिओ. मच्छरदाणीतला मंद उजेड, पंख्याची घरघर आणि उताणा झोपलेला सात वर्षांचा मुलगा. मान मागे टाकलेली, तोंड उघडं. तीन-चार वेळा घोरण्याचा आवाज आला आणि मग सगळं शांत झालं. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, पण हवा कुठूनच आत जात नव्हती. मी मनात मोजलं, अकरा सेकंद. मग हुंदक्यासारखा एक मोठा श्वास, कूस बदलली आणि पुन्हा घोरणं सुरू.

"ऑपरेशन झालंय ओ याचं," आई म्हणाली. "दोन वर्षं होतील आता. टॉन्सिल, ॲडिनॉइड दोन्ही काढलंय. मग हे परत का?" (ॲडिनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला असलेली गाठ.)

मी सांगलीत वाचा-उपचार करते. उच्चार, तोतरेपणा, पक्षाघातानंतर गिळायला होणारा त्रास हे माझं रोजचं काम. झोपेत श्वास अडणं हा कान-नाक-घसा तज्ज्ञांचा आणि बालरोगतज्ज्ञांचा प्रांत. त्यांनी निदान करून पाठवल्याशिवाय अशा मुलाला मी हात लावत नाही. या मुलालाही त्याच्या डॉक्टरांनीच पाठवलं होतं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: शस्त्रक्रियेनंतर उरलेला सौम्य स्लीप ॲप्निया (म्हणजे हेच, झोपेत श्वास अडणं), तोंडानं श्वास घेण्याची सवय, तोंडाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. (ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत.)

सोबत आजी आल्या होत्या. त्यांना या सगळ्या धावपळीचंच नवल वाटत होतं. "पोरगं दिवसभर उड्या मारतंय, दमतंय, घोरणारच की. गाढ झोप लागती त्याला." घोरणं म्हणजे गाढ झोप ही समजूत आपल्याकडे घराघरात मुरलेली आहे, त्याबद्दल आजींना बोल लावण्यात अर्थ नव्हता. पण सर्दी नसतानाही मूल आठवड्यातल्या तीनपेक्षा जास्त रात्री घोरत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं, एवढं मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं.

बाकीची हकिगत विचारत गेले तसतशी एकेक गोष्ट बाहेर आली. उशी रोज ओली असते, निम्मी लाळेनं, निम्मी घामानं. आठवड्यातून दोन-तीनदा अंथरूण ओलं होतं. ओठ बारा महिने फुटलेले. शाळेत बाईंची तक्रार अशी की एका जागी बसत नाही, फळ्याकडे लक्ष नसतं. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर तो दिवसा पेंगतो. लहान मूल बहुतेकदा उलट वागतं, जास्त चुळबुळ करतं, चिडतं, हट्ट करतं. त्यामुळे झोपेचा आजार वर्गात खोडकरपणा म्हणून नोंदवला जातो.

आणखी एक गोष्ट आई सहज बोलून गेली. तो भाकरी खात नाही. वरण-भात किंवा दुधात कुस्करलेली चपाती, तीही घोट घोट पाण्यासोबत. त्यांना वाटत होतं लाड झालेत. मला तिथेच थांबावंसं वाटलं. ज्याला नाकानं श्वास घेता येत नाही त्याला तोंड मिटून चावायचं म्हणजे चावताना श्वास रोखायचा. मग तो न चावता गिळता येईल असंच खाणार. त्याचा हट्ट नव्हता तो. त्याच्यापुरता त्यानं काढलेला मार्ग होता.

मग शस्त्रक्रिया चुकली होती का? अजिबात नाही. पाचव्या वर्षी त्याच्या टॉन्सिलच्या दोन्ही गाठी घशात मधोमध जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या होत्या. तेव्हाच्या स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेत श्वास मोजणाऱ्या तपासणीत, तासाला सरासरी १४ वेळा श्वास थांबत किंवा उथळ होत होता. याच आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्यांमध्ये ५ पर्यंत तो चालवून घेतात, मुलांमध्ये मात्र १ च्या वर गेला की दखल घेतात आणि १० च्या पुढे तीव्र समजतात. लहान मुलांत टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढल्यामुळे श्वास अडत असेल तर पहिला उपचार शस्त्रक्रियाच आहे. २०१३ साली अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी सात महिन्यांत सुधारून सामान्य झाली, आणि नुसती वाट पाहिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. शस्त्रक्रिया टाळून व्यायाम करू असं म्हणणाऱ्या पालकांना मी हे आकडे आवर्जून सांगते.

पण दुसरी बाजूही आहे. २०१० सालच्या एका मोठ्या पाहणीत अशी शस्त्रक्रिया झालेली ५७८ मुलं तपासली गेली. जवळपास सगळ्यांना फायदा झाला होता, पण एएचआय १ च्या खाली आलेली मुलं जेमतेम २७ टक्के होती. लठ्ठ मुलं, दमा असलेली मुलं, वयानं मोठी मुलं यांच्यात आजार जास्त उरला होता. आमचा मुलगा लठ्ठ नव्हता, उलट बरगड्या मोजाव्यात असा. शस्त्रक्रियेनंतर चार-पाच महिने त्याच्या खोलीत शांतता होती. नंतरच्या पावसाळ्यात सर्दी झाली, घोरणं परत आलं आणि सर्दी गेली तरी ते राहिलं. पुण्याला जाऊन पुन्हा स्लीप स्टडी केली. डोक्याला तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप आणि शेजारच्या खाटेवर रात्रभर जागी आई. एएचआय ४.३ आला, रक्तातला ऑक्सिजन एका क्षणी ८९ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

रस्ता मोकळा झाला होता, पण त्या रस्त्यानं जायची सवयच या मुलाला नव्हती. नाक मोकळं असणं आणि नाकानं श्वास घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला कळायला लागल्यापासून तो तोंडानंच श्वास घेत आला होता. गाठी काढल्या म्हणून जिभेला आपोआप नवी जागा सापडत नाही.

हे जरा उलगडून सांगते, कारण पालकांना याचाच उलगडा होत नाही. तोंड मिटलेलं असताना आपली जीभ वर टाळूला टेकून असते. वाढीच्या वयात ती टाळूला आतून आधार देते, रुंद ठेवते. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली पडते, बाहेरून गालांचा दाब राहतो आणि वरचा जबडा अरुंद होत जातो, टाळू उंच, मंदिराच्या शिखरासारखी निमुळती. आता टाळू म्हणजे तोंडाचं छत, पण तीच नाकाची जमीन आहे. छत अरुंद झालं की वरच्या मजल्याची जागाही कमी झाली. शिवाय घशाची नळी जिभेच्या मागे मऊच असते, तिला उघडं धरायला हाड नाही. ते काम स्नायूंचं आहे, त्यात जिभेला पुढे खेचून धरणारा जेनिओग्लॉसस हा मुख्य. झोपेत सगळेच स्नायू सैलावतात, स्वप्नांच्या झोपेत तर फारच. जो स्नायू जागेपणीच ढिला आहे तो झोपेत काय करणार?

तपासणीत काय दिसलं

मी स्टीलचा एक गार चमचा त्याच्या नाकाखाली आडवा धरला आणि ओठ मिटायला सांगितलं. उजव्या नाकपुडीखाली वाफेचा चांगला रुपयाएवढा ठिपका उमटला. डावीकडे नखाएवढा, तोही लगेच विरला. मग तोंडात पाण्याचा एक घोट धरायला लावला. गिळायचं नाही, सांडायचं नाही, नाकानं श्वास घेत राहायचं. निरोगी नाकाच्या मुलाला मिनिट-दोन मिनिटं हे सहज जमतं. याचे डोळे विसाव्या सेकंदाला मोठे झाले, पस्तिसाव्या सेकंदाला पाणी माझ्या टेबलावर होतं.

ओठ मिटताना हनुवटीला सुरकुत्या पडत होत्या, म्हणजे नुसत्या ओठांनी तोंड मिटत नव्हतं, हनुवटीला जोर लावावा लागत होता. जीभ टाळूला चिकटवून टॉक् आवाज कर म्हटलं तर टाळूला लागायच्या आत सुटायची. जिभेखालचा पडदा आखूड आहे का तेही पाहिलं, तो ठीक होता. तो आखूड असता तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे गेले नसते. उच्चारांत 'स' जिभेच्या टोकावरून घसरत होता. आपल्या 'ळ'ला जीभ उलटी वळवून वर न्यावी लागते, आणि हा मुलगा 'कावळा' म्हणताना सरळ 'कावला' म्हणत होता. घरी ते गोड वाटायचं.

पहिले पाच आठवडे वाया गेले

इथे चूक माझी होती. मी त्याला सात व्यायाम दिले, दिवसातून तीन वेळा, आणि भिंतीवर लावायला छान रंगीत तक्ता. पाच आठवड्यांनी तक्ता परत आला तेव्हा एकही चौकोन रिकामा नव्हता. सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनानं, एकाच तिरकेपणानं केलेल्या. मुलाला टॉक् करून दाखव म्हटलं. जीभ पहिल्या दिवशीइतकीच सैल.

मी रागावले नाही. आईनंच डोळे पुसत सांगितलं की सकाळी आठच्या एसटीनं त्या कामाला जातात, संध्याकाळी परत येईस्तोवर स्वयंपाक, अभ्यास, मग व्यायामाच्या वेळी तो रडायला लागतो. तक्ता त्यांनी आदल्या रात्री भरला होता. चोवीस तासांत एकवीस वेळा व्यायाम करून घेण्याची योजना मी आखली होती, ती त्या घरात बसणारच नव्हती.

दुसरी चूक याहून मोठी. चमच्यावरचा डावीकडचा नखाएवढा ठिपका मी पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवला होता आणि तरीही व्यायाम सुरू केले. ज्याचं नाक बंद आहे त्याला ओठ मीट म्हणणं हा छळ आहे. तो रडत होता ते आळसानं नव्हे. मी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवलं. ॲलर्जीची सर्दी निघाली. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि घरातल्या काही गोष्टी बदलणं असा उपचार ठरला. तो झोपायचा त्याच खोलीत देवघर होतं, रोज संध्याकाळी धूप. आजींनी तक्रार न करता धूप अंगणात तुळशीपाशी नेला. जुनी वाकळ गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात पडली.

महिन्यानं चमच्यावर दोन ठिपके उमटले, जवळजवळ सारखे. मग आम्ही नव्यानं सुरुवात केली.

तीन व्यायाम, आजींच्या ताब्यात

या वेळी तीनच. पहिला, 'जिभेचं घर'. वरच्या पुढच्या दातांमागे हिरडीवर जिथे 'न' म्हणताना जीभ टेकते, ती जागा. जिभेचं टोक तिथे, ओठ मिटलेले, दात अलगद, श्वास नाकानं. सुरुवातीला दहा श्वास, मग वाढवत जायचं. दुसरा, पूर्ण जीभ टाळूला ओढून चिकटवायची, तशीच ठेवून तोंड हळूहळू उघडायचं, खालची शीर ताणलेली दिसली की टॉक् करून सोडायची. तिसरा ओठांचा: शर्टाचं मोठं बटण दुहेरी जाड दोऱ्यात ओवायचं, बटण दातांपुढे आणि ओठांच्या आत, दोरा बाहेर. मोठ्या माणसानं दोरा हळूहळू ओढायचा, मुलानं नुसत्या ओठांनी बटण धरून ठेवायचं. दोरा नेहमी मोठ्यांच्या हातात, मुलाला एकट्याला द्यायचा नाही.

वेळ आजींनीच ठरवली. शुभंकरोति झालं की तिथेच बसून दहा मिनिटं. सकाळी दात घासल्यावर आरशासमोर दोन मिनिटं. बस्स. बाकी दिवसभर एकच काम: तोंड उघडं दिसलं की आजी म्हणणार, "घर?" तो जीभ वर नेणार. ओरडायचं नाही, 'तोंड मीट' म्हणायचं नाही. माझ्या मते या उपचारातला खरा औषधी भाग तो एक शब्द होता. दहा मिनिटांच्या व्यायामानं स्नायूला बळ येतं, पण उरलेल्या तेवीस तास पन्नास मिनिटांत जीभ कुठे असते त्यावर सगळं अवलंबून आहे.

एकदा मी मुद्दाम संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दिवा लागलेला, आजी भिंतीला टेकून बसलेल्या, नातू समोर मांडी घालून. आजींनी पदरानं तोंड झाकत कवळी काढून वाटीत ठेवली. "कवळी असली की चिकटत न्हाई," म्हणाल्या, आणि नातवाच्या बरोबरीनं टॉक् केलं. त्यांचा आवाज त्याच्यापेक्षा खणखणीत निघाला. मुलानं डोळे विस्फारून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा, पुन्हा करत राहिला. माझ्या रंगीत तक्त्यात असं काही नव्हतं.

जेवणही बदललं. आधी कडक चपाती, मग पेरूच्या फोडी, भाजलेले शेंगदाणे, शेवटी ज्वारीची भाकरी. तोंड मिटून, दोन्ही बाजूंनी चावत, आणि घास गिळल्याशिवाय पाणी नाही. मधेच त्याचे वरचे समोरचे दोन दुधाचे दात पडले आणि त्या फटीतून जीभ डोकवायला लागली. पालक घाबरले. त्या वयात ते साहजिक आहे. गिळताना जीभ मागे ठेवण्याचा जो व्यायाम पुढे घ्यायचा होता तो मी नवे दात अर्धे येईपर्यंत थांबवला.

या काळात वडिलांनी मोबाइलवर एक रील पाहून ओठांना लावायची चिकटपट्टी आणली होती. लावण्याआधी विचारलं, हे फार बरं केलं. मुलांच्या तोंडाला पट्टी लावू नये. ज्याचा श्वास झोपेत अडतो, ज्याचं नाक सर्दीनं कधीही बंद होऊ शकतं, त्याचा दुसरा मार्ग आपण हातानं बंद करायचा? ती पट्टी मी मागून घेतली.

सहा महिन्यांनी

तिसऱ्या आठवड्यात उशी कोरडी राहायला लागली. दोन महिन्यांत बटण ओढताना आजींना जोर लावावा लागू लागला. अंथरूण ओलं होणं महिन्यातून एखाद्या वेळेवर आलं. 'कावळा' कावळा झाला, त्याचं आईला थोडं वाईटही वाटलं. शाळेच्या बाईंनी आपण होऊन विचारलं की याला काही औषध चालू केलंय का. सहा महिन्यांनी पुण्याला पुन्हा स्लीप स्टडी झाली: एएचआय १.७, ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला नाही.

हे व्यायामांमुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नाकाचा फवारा चालू होता, धूप बाहेर गेला होता, मुलगा सहा महिन्यांनी मोठा झाला होता. एका मुलावरून यातलं काय कशामुळे हे वेगळं करता येत नाही. मोठे अभ्यासही अजून तोकडेच आहेत. इटलीत २०१५ साली शस्त्रक्रियेनंतर आजार उरलेल्या २७ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या १४ जणांनी दोन महिने तोंडाचे व्यायाम केले आणि त्यांचा सरासरी एएचआय ४.८७ वरून १.८४ वर आला, बाकीच्यांच्यात फारसा फरक पडला नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले झोपेचे तज्ज्ञ क्रिस्तियाँ गिल्मिनो यांनी २०१३ साली २४ मुलांचा पाठपुरावा मांडला. शस्त्रक्रिया आणि दातांच्या उपचारांनी बरी झालेली ही मुलं. त्यातल्या ज्या ११ जणांनी व्यायाम केले होते ती काही वर्षांनंतरही बरी होती, व्यायाम न केलेल्या १३ जणांत आजार परतला होता. आकडे उमेद देतात, पण मुलं किती थोडी आहेत ते पाहा. २०२० सालच्या कॉक्रन आढाव्यात (एका विषयावरचे अभ्यास पारखून एकत्र मांडणारा आढावा) या उपचाराचे ९ अभ्यास बसले, ३४७ रुग्ण, आणि त्यात मुलं अवघी १३. म्हणून कुणी शिबिर घेऊन 'ऑपरेशनशिवाय घोरणं बंद' अशी जाहिरात करत असेल तर पालकांनी त्याला स्लीप स्टडीचा आधीचा आणि नंतरचा कागद मागावा.

१.७ म्हणजे अजून १ नाही. टाळू अरुंदच आहे, ती व्यायामानं रुंद होणार नाही. डॉक्टरांनी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे. वरच्या जबड्यात पेच असलेलं उपकरण बसवून तो हळूहळू रुंद करायचा विचार चालू आहे. टाळूच्या मधला सांधा या वयात अजून जुळलेला नसतो, म्हणून हे आता जमतं. उपकरण बसलं की जिभेचं घर काही महिने बदलेल, त्याची तयारी आम्ही आत्तापासून करतोय. फवारा डॉक्टर कमी करत आणणार आहेत. वर्षानं पुन्हा तपासणी.

गेल्या महिन्यात त्याला सर्दी झाली. चौथ्या दिवशी रात्री नऊला माझा फोन वाजला. मला वाटलं आई असतील. आजी होत्या.

"ताई, नाक चोंदलंय त्याचं, आन् घर सुटलंय. काल रात्री मी बसून बगितलं, दोनदा श्वास अडकला. मोजलं मी. उद्या सकाळी आणू का?"